नाट्यगृहालाही पिंग असतो

आयपीएलच्या दिवसांत सांगलीतल्या कुठल्याही गल्लीत हा प्रकार घडतो. तुम्ही मोबाईलवर मॅच लावून कट्ट्यावर बसलेले असता. स्क्रीनवर बोलर अजून रनअपला वळतोय आणि शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो. विकेट पडली. आता तो बॉल बघण्यात काय राम उरला? शेजाऱ्याकडे डिश आहे, तुमच्याकडे इंटरनेट. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'लाईव्ह' मात्र दोघांकडेही लिहिलेलं आहे.

वैतागून तुम्ही मॅच बंद करता आणि त्याच मोबाईलवर बीजीएमआय हा ऑनलाइन शूटिंग गेम लावता. समोरचा खेळाडू कोल्हापूरचा असेल, नाही तर गुवाहाटीचा. तुम्ही गोळी झाडता आणि पापणी लवायच्या आत त्याची हेल्थ उतरते. मोबाईल तोच, सिमकार्ड तेच, टॉवरही तोच. तरी मॅच अर्धा मिनिट मागे आणि गेम जागच्या जागी. असं का होतं?

मी सांगलीत वाढलो. शाळेत असल्यापासून गेम खेळतोय आणि त्याच वयापासून भावे नाट्यमंदिरात नाटकंही बघतोय. दोन्हीकडचे मित्र वेगळे. नाटकवाल्यांना वाटतं गेम म्हणजे एकट्यानं स्क्रीनला डोळे लावून बसणं. गेमवाल्यांना वाटतं नाटक म्हणजे दोन-अडीच तास गप्प बसून ऐकणं. मला दोन्हीकडे खेचून नेणारी गोष्ट एकच आहे. मी काही केलं की समोर काही बदलतं. माझं हसणं, ओरडणं, बटण दाबणं तिथे पोचतं आणि पुढचा क्षण त्याप्रमाणे घडतो. एखादा कार्यक्रम किती जिवंत आहे हे मी यावरूनच जोखतो: प्रेक्षकाचा प्रतिसाद परत किती लवकर पोचतो आणि त्यानं काय हलतं. मॅच आणि गेममधल्या त्या अर्ध्या मिनिटाचं कोडं सोडवलं की ही गोष्ट आपोआप उलगडते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अर्धा मिनिट जातं कुठे

पहिला संशय अंतरावर जातो. शेजाऱ्याच्या डिशला सिग्नल देणारा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. सिग्नल इथून वर जातो आणि परत खाली येतो. एवढा प्रवास करायला त्याला किती वेळ लागतो? साधारण पाव सेकंद. तुमच्या मोबाईलवरची मॅच जमिनीतल्या केबलमधून त्याच्या कितीतरी कमी अंतर कापून येते. तेव्हा दोष अंतराचा नाही.

दोष पॅकिंगचा आहे. इंटरनेटवरचा लाईव्ह व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा अखंड वाहत येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वडापच्या जीपसारखा येतो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, आणि एक तुकडा पुरा भरल्यावरच पुढे निघतो. ॲपलनं २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आज सगळीकडे चालते. तिच्यात सुरुवातीला एक तुकडा दहा सेकंदांचा ठेवायची शिफारस होती, पुढे ती सहावर आली. तुमचा मोबाईलही पहिला तुकडा आला की लगेच चित्र दाखवत नाही. तो साधारण तीन तुकडे जमवून ठेवतो आणि मग सुरू करतो. सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले. त्यात चित्र दाबून छोटं करण्याचा वेळ आणि वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर प्रती पोचवण्याचा वेळ मिळवा. पंचवीस-तीस सेकंद सहज होतात.

कोणी म्हणेल, मग अशी पद्धत वापरायचीच कशाला? कारण तिचा फायदा फार मोठा आहे. तुकडा म्हणजे एक साधी फाईल. कोट्यवधी लोकांना तीच फाईल द्यायची असते, त्यामुळे तिच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि मूळ यंत्रावर भार येत नाही. मधे चार सेकंद तुमचं नेट गेलं तरी खिशात पुढचे तुकडे आहेत, चित्र अडकत नाही. गर्दीला सांभाळून घ्यायचं तर उशीर पत्करावा लागतो. हा सौदा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

गेम चित्र पाठवतच नाही

गेमचं गणित मुळातच वेगळं. बीजीएमआय डाउनलोड करताना काही जीबी डेटा जातो, कारण नकाशा, घरं, झाडं, बंदुका, सगळ्यांचं रूप आधीच तुमच्या मोबाईलमध्ये येऊन बसतं. खेळताना तारेवरून जातात ते नुसते आकडे: मी कुठे आहे, तोंड कुठे आहे, पळतोय की बसलोय, गोळी झाडली का. एवढी चिठ्ठी इतकी लहान असते की सेकंदाला कित्येकदा पाठवता येते.

ती पाठवायची रीतही निराळी. वेब पेज उघडताना एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवतात, आणि तो येईपर्यंत मागचे सगळे रांगेत थांबतात. गेममध्ये हे परवडत नाही. पाव सेकंदापूर्वी तू कुठे होतास हे आता कळून काय उपयोग? हरवलेली चिठ्ठी हरवली, पुढची वाच. यूडीपी नावाची पद्धत हेच करते, आणि बहुतेक वेगवान गेम तिच्यावरच चालतात.

पिंग म्हणजे तुमची चिठ्ठी सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत मोजलेला. एक सेकंद म्हणजे हजार मिलिसेकंद. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगलीहून मुंबई चारशेच्या आत-बाहेर किलोमीटर, म्हणजे जायला दोन आणि यायला दोन मिलिसेकंद. मुंबईहून सिंगापूर जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसच्या घरात, तेही केबल सरळ रेषेत गेली तर. ती तशी कधीच जात नाही. शिवाय मोबाईल ते टॉवर हा हवेतला टप्पा आणि वाटेतले राऊटर आपापला वेळ घेतात. म्हणून मुंबईतल्या सर्व्हरचाही पिंग चार न दिसता तीस-चाळीस दिसतो. कंपनीनं कितीही पैसा ओतला तरी प्रकाशाला लागतो त्या वेळेच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. जवळ सर्व्हर टाकणं हाच खरा उपाय.

सर्व्हरसुद्धा सतत जागा नसतो. तो ठरावीक ठेक्यावर जगाचा हिशेब करतो. त्याला टिक म्हणतात. व्हॅलोरंट या शूटिंग गेमचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये नेहमीच्या मॅचना हा आकडा ६४ असायचा. दोन टिकांच्या मधे जे घडलं ते सर्व्हरच्या लेखी पुढच्या टिकेला घडलं.

आता मजेचा भाग, आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. पिंग साठ असेल तर बटण दाबल्यावर साठ मिलिसेकंदांनी तुमचा माणूस हलायला हवा. पण तो तर तत्काळ हलतो. कारण तुमचा मोबाईल सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. 'सर्व्हर हो म्हणेल' असं धरून चालतो, माणसाला पुढे नेतो, आणि उत्तर वेगळं आलं तर गुपचूप जागा दुरुस्त करतो. क्वेक या शूटिंग गेमच्या १९९६ साली आलेल्या क्वेकवर्ल्ड या आवृत्तीनं ही युक्ती रुळवली. त्याआधी मॉडेमवर क्वेक खेळताना बटण आणि पाऊल यांत जाणवण्याइतकं अंतर पडायचं.

स्वतःचा अंदाज बांधता येतो, दुसऱ्याचा बांधता येत नाही. म्हणून समोरचा खेळाडू तुम्हाला नेहमी थोडा भूतकाळातला दिसतो. तो पळत भिंतीआड जातोय असं समजा. त्याच्याकडे तो भिंतीआड पोचलासुद्धा, तुमच्या स्क्रीनवर अजून उघड्यावर आहे. तुम्ही नेम धरता, गोळी झाडता. चिठ्ठी सर्व्हरला मिळेपर्यंत तर तो नक्कीच आत गेलेला असतो. न्याय कोणाला द्यायचा? पुष्कळ शूटिंग गेममध्ये सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या काही क्षणांच्या जागा लिहून ठेवतो. तुमची गोळी आली की तो घड्याळ मागे फिरवतो, त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं ते मांडतो, आणि त्या चित्रात गोळी लागत असेल तर लागली म्हणून जाहीर करतो. नेम धरणाऱ्यावर अन्याय होत नाही. पण पलीकडचा ओरडतो, 'अरे मी कव्हरमध्ये होतो की!' तोही खरंच बोलत असतो. दोघांचे वर्तमानकाळ वेगळे आहेत, आणि सर्व्हर त्यातला एक निवडतो. दर वेळी याला चीटिंग म्हणणाऱ्या मित्रांना हे समजावून सांगायला मला मनापासून आवडतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पिंग स्थिर सत्तर असेल तर खेळता येतं. तो तीसवरून दीडशेवर आणि परत खाली असा उड्या मारत असेल तर सगळे अंदाज कोलमडतात आणि माणसं स्क्रीनवर टेलिपोर्ट व्हायला लागतात. याला जिटर म्हणतात. घरी वायफाय असेल तर राऊटरच्या खोलीत बसा, पीसी असेल तर सरळ केबल जोडा. महागड्या प्लॅनपेक्षा यानं जास्त फरक पडतो.

हशाचा प्रवास

आता नाट्यगृहात येऊ. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रकाशापुढे हा वेग काहीच नाही. शेवटची रांग रंगमंचापासून पंचवीस मीटरवर धरली तर नटाचं वाक्य तिथे पोचायला ७३ मिलिसेकंद लागतात, आणि तिथला हशा नटाच्या कानावर यायला आणखी ७३. म्हणजे शेवटच्या रांगेचा पिंग झाला १४६. पहिल्या रांगेचा, तीन मीटर धरले तर, सतरा-अठरा. एकाच प्रयोगाला बसलेले दोन प्रेक्षक, पण एक मुंबईच्या सर्व्हरवर असल्यासारखा आणि दुसरा युरोपातल्या.

मुरलेले नट हा उशीर अंगात भिनवून घेतात. विनोदी नाटकात कधी बारकाईनं बघा. वाक्य पडतं. पुढच्या रांगांतून हसू फुटतं, ते मागे सरकत जातं, मागून मोठं होऊन परत पुढे येतं. नट थांबलेला असतो, पण थांबलाय असं वाटू देत नाही. पाण्याचा ग्लास उचलतो, नाही तर समोरच्याकडे नुसतं बघतो. हशा चढेपर्यंत तो तोंड उघडत नाही. उतरणीला लागला की, पूर्ण विरायच्या आत, पुढचं वाक्य टाकतो. लवकर टाकलं तर वाक्य हशात बुडतं, उशिरा टाकलं तर प्रयोग सैल पडतो. कुठल्या गावाला कुठे हसू येईल हे संहितेत लिहिलेलं नसतं. ते त्या रात्री त्या प्रेक्षकांकडून यावं लागतं.

सांगलीला हे नवं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं इथे 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पात्रांचे संवाद लिहून पाठ केलेले नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा, कथेची चौकट ठरलेली असायची, आणि पात्रं आपलं भाषण ऐनवेळी स्वतः रचून बोलायची. नियम ठरलेले आणि आतली हालचाल त्या क्षणाची. गेम डिझाइन करणाऱ्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल. पुढे संगीत नाटकात प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की पद पुन्हा व्हायचं. बालगंधर्वांच्या पदांना असे वन्स मोअर पडत आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेकडे झुकायचं. प्रयोग किती वेळ चालेल हे घड्याळाइतकंच प्रेक्षागृहाच्या हातात होतं.

कुस्तीच्या मैदानात तर हे डोळ्यांनी दिसतं. कुंडलच्या मैदानात लांब बसलात तर पैलवानानं शड्डू ठोकलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. शंभर मीटरला हा फरक पाव सेकंदाहून जास्त भरतो. पण हलगीवाला असतो आखाड्याच्या काठाला. कुस्ती खडाखडीत अडकली की त्याचा हात जरा सुस्तावतो. कोणी पट काढायला वाकला, कोणी ढाक लावायच्या बेतात आला की हलगी चढते, घुमकं तिला धरून वाढतं, आणि त्या चढत्या ठेक्यानं पैलवानाचीही उसळी वाढते. कोण कोणामुळे चढलं हे सांगता येत नाही. त्याला वीस सेकंद उशिरा दिसणाऱ्या व्हिडिओवर बसवलं तर? कुस्ती चितपट होऊन पैलवान पाया पडायला लागल्यावर हलगी चढेल.

संगीतात तर आणखी कमी चालतं. तबलजी आणि गायक एकमेकांपासून दीड-दोन मीटरवर बसतात, म्हणजे आवाजाला पाच-सहा मिलिसेकंद. एका बाजूचा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या वर गेला की दोघंही एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय ओढली जाते. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत समेवर सगळे एकत्र येतात तो क्षण व्हिडिओ कॉलवर जमत नाही, तो याच कारणानं. लॉकडाऊनमध्ये चार चौकटींत चार कलाकार दिसायचे ते बहुतेक व्हिडिओ प्रत्येकानं आपापल्या घरी रेकॉर्ड करून नंतर जुळवलेले होते.

लाखो लोक आणि एक बटण

गर्दी आणि उशीर यांचा तो सौदा आता पूर्ण रंगात बघू. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका अनामिक ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं ट्विच या गेम लाईव्ह दाखवणाऱ्या साइटवर एक प्रयोग केला. 'पोकेमॉन रेड' हा गेमबॉयवरचा जुना गेम लावला आणि कंट्रोलर प्रेक्षकांच्या हातात दिला. चॅटमध्ये कोणी 'वर' लिहिलं की पात्र वर जायचं, 'खाली' लिहिलं की खाली. खेळणारे वाढत वाढत अकरा लाखांच्या वर गेले. व्हिडिओ मात्र वीस सेकंदांहून अधिक मागे होता. म्हणजे स्क्रीनवर जे दिसतंय त्यावर तुम्ही आज्ञा द्यायची, आणि ती आज्ञा पोचते तेव्हा पात्र भलतीकडेच असतं, कारण मधल्या वेळात हजारो आज्ञा येऊन गेलेल्या असतात.

एका ठिकाणी अरुंद कठड्यावरून सरळ चालायचं होतं. 'खाली' हे बटण एकदा जरी पडलं तरी पात्र उडी मारून खालच्या बाजूला, आणि मग सगळा वळसा पुन्हा. एकटा मुलगा हे काही सेकंदांत करतो. या गर्दीला त्या पट्ट्यात कित्येक तास लागले. शेवटी चालवणाऱ्यानं मतदानाची सोय आणली: ठरावीक वेळात सर्वाधिक मतं पडतील तीच आज्ञा. त्यावरून लोकशाही हवी की अराजक असे दोन तट पडले. सोळा दिवसांनी गेम पूर्ण झाला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. एवढ्या उशिरानंही लोक एकमेकांना धरून पुढे जाऊ शकतात हे त्यानं दाखवलं, आणि उशीर वाढला की बटणाची जागा मत घेतं हेही.

दुसरं टोक फोर्टनाइटचं. २३ एप्रिल २०२० ला, जग घरात बसलेलं असताना, या गेममध्ये रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला. एकाच वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते. आकाशाला टेकणारा त्याचा पुतळा चालत होता, पायाखालची जमीन पाणी व्हायची, मग अवकाश. दहा मिनिटांच्या आसपास सगळा खेळ. पण हे सव्वा कोटी लोक एका जागी नव्हते. प्रत्येक जण साधारण पन्नास जणांच्या वेगळ्या प्रतीत होता आणि अशा लाखो प्रती शेजारी शेजारी चालू होत्या. गायकही त्या वेळी गात नव्हता, सगळं आधी बांधून ठेवलेलं होतं. पन्नास जण एकमेकांना नाचताना बघत होते, तेवढा भाग खरोखर त्या क्षणाचा. बाकी प्रेक्षकांनी काहीही केलं असतं तरी पुतळ्याचं पाऊल तिथेच पडलं असतं.

सगळ्यांना एकत्र का ठेवत नाहीत? गुणाकारामुळे. शंभर जण एका नकाशात असतील तर प्रत्येकाला उरलेल्या नव्व्याण्णवांची खबर द्यावी लागते. शंभर गुणिले नव्व्याण्णव, म्हणजे दर टिकेला ९,९०० निरोप. माणसं दहापट, म्हणजे हजार केलीत तर निरोप होतात ९,९९,०००, जवळपास शंभरपट. दहा हजार केलीत तर दहा कोटींच्या घरात. माणसं जितकी वाढतात त्याच्या वर्गानं काम वाढतं. लांबच्यांची खबर कमी वेळा देणं, दिसत नाही त्याची न देणं अशा युक्त्या आहेत, पण त्या ओझं कमी करतात, नाहीसं करत नाहीत. बीजीएमआयमध्ये शंभरच खेळाडू असतात त्यामागे खेळाच्या रंगतीइतकंच हे गणितही आहे.

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या गेमनं मात्र वेगळा रस्ता काढला. तिथे गर्दी फार झाली की सर्व्हर माणसं वाटून टाकत नाही, काळच हळू करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. गेममधला एक सेकंद घडायला खरे दहा सेकंद लागतात. जानेवारी २०१४ मध्ये एका टोळीकडून आपल्या भागाचं देणं वेळेवर भरलं गेलं नाही, तिथे लढाई पेटली, साडेसात हजारांहून जास्त खेळाडू त्यात उतरले आणि ती सुमारे २१ तास चालली. लोक झोपून उठून परत येत होते. तरीही प्रत्येकाच्या हातातलं बटण खरं होतं, एकही आज्ञा गर्दीत विरघळली नव्हती. मला कोणी फोर्टनाइटचा तो कार्यक्रम आणि ही लढाई यातलं एक निवड म्हटलं तर मी डोळे झाकून लढाई निवडेन.

मुद्दाम तोडलेली तार

ई-स्पोर्ट्सच्या मोठ्या स्पर्धांत एक गोष्ट कुस्तीच्या अगदी उलट दिसते. हजारो लोक स्टेडियममध्ये, समोर प्रचंड स्क्रीन, आणि खेळाडू कानात आवाज अडवणारे हेडफोन घालून बसलेले. त्यात वरून पांढरा गोंगाट, म्हणजे सलग एकसुरी खरखर, सोडलेला असतो. कारण प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये एखादा कोपऱ्यात दबा धरून बसलाय आणि दुसरा तिकडे निघालाय, तर सगळं स्टेडियम श्वास रोखतं किंवा ओरडतं. खेळाडूला तेवढं ऐकू आलं तरी त्याला कोपरा कळतो. न्याय्य खेळासाठी प्रेक्षकाकडून येणारी तार तोडावी लागते. हे बरोबरच आहे, पण त्यामुळे तिथला प्रेक्षक शेजारच्या प्रेक्षकासाठी ओरडतो, खेळाडूसाठी नाही. राऊंड संपल्यावर हेडफोन काढून खेळाडू वर बघतात, तेव्हा कुठे तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो.

छोट्या स्ट्रीमवर ही तार पुन्हा जोडलेली असते. एखादा मराठी पोरगा दोनशे लोकांसमोर खेळतोय, कोणी सुपरचॅट, म्हणजे पैसे देऊन केलेला मेसेज, पाठवतं, तो नाव वाचतो, गावाचं नाव विचारतो. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचं नाव-गाव पुकारलं जायचं, त्याच जातकुळीतली ही गोष्ट. या जिल्ह्यात रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव झाले, कवलापूरचे फड गाजले, तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही. फरक फक्त उशिराचा. फडावर नाव लगेच घेतलं जायचं. स्ट्रीमवर तुम्ही 'डावीकडे बघ' लिहिता, तोवर डावीकडचा येऊन त्याला मारून गेलेला असतो.

हा उशीर कमी करणं खुद्द स्ट्रीम करणाऱ्याच्या हातात आहे, आणि आपल्याकडच्या अनेकांनी ती सेटिंग कधी उघडूनही बघितलेली नसते. यूट्यूबवर लाईव्ह सुरू करताना लेटन्सीचे, म्हणजे या उशिराचे, तीन पर्याय असतात: नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो. तुकडे लहान, साठवण कमी, आणि त्या बदल्यात नेट डळमळलं की चित्र अडकायची शक्यता जास्त. गप्पा मारत खेळत असाल, प्रेक्षक दोन-तीनशेच्या आत असतील, तर अल्ट्रा लो लावा. चित्र कुठे अडकलं तर अडकू द्या, लोकांना उत्तर वेळेवर मिळणं जास्त मोलाचं आहे. नाटकाचा, भजनाचा किंवा गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचा लांबचा लाईव्ह करत असाल आणि लोक नुसते बघणार असतील तर नॉर्मल ठेवा, बाहेरगावी कमजोर नेटवर बसलेल्यांनाही ते नीट दिसेल. आणि बीजीएमआयची स्पर्धा दाखवत असाल तर उलट दोन-तीन मिनिटांचा उशीर मुद्दाम घाला, नाही तर कोणी तरी दुसऱ्या मोबाईलवर तुमचाच स्ट्रीम लावून समोरची टीम कुठे लपलीय ते बघत बसेल.